मॉरिशसला निघण्यापूर्वी हे वाचा

बुकिंग झाल्यावर आम्हाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "पोहता येत नाही हो, मग तिकडे जाऊन काय करायचं?" पोहता येत नसलं तरी चालेल. मॉरिशसची खरी मजा कंबरभर पाण्यातच आहे.

आधी थोडा भूगोल. सिंहगड चढताना पायाखाली येणारा काळा कातळ आणि मॉरिशसचा कातळ एकाच भट्टीतले. पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून भारताची भूमी सरकत असताना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा पसरून दख्खनचं पठार झालं. त्याच जागेने ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस घडवलं. आता ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजूनही उसळतो. मॉरिशसचे शांत आहेत, घरच्यांना तसं सांगून ठेवा.

किनाऱ्यावर उभं राहिलात की दूरवर फेसाची पांढरी रेघ दिसेल. ती प्रवाळाची, म्हणजे पोवळ्यांची भिंत. लाटा तिथेच फुटतात आणि अलीकडे उथळ, हिरवंनिळं पाणी राहतं, तेच लगून. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे गोड्या पाण्यात पोवळी वाढत नाहीत, त्यामुळे भिंतीला खिंड पडते आणि ओहोटीला पाणी तिथून ओढीने बाहेर जातं. नावाडी "तिकडे नको" म्हणाला तर त्याच्याशी पुणेरी वाद घालू नका. दक्षिणेला ग्री-ग्रीला तर भिंतच नाही, समुद्र थेट कड्यावर आदळतो. तिथे फक्त बघायचं.

ब्लू बेच्या संरक्षित सागरी उद्यानात मास्क लावून डोकं पाण्यात घाला आणि कान द्या. कोणी शेंगदाणे चावतंय असा आवाज येईल. तो पोपटमासा. तो पोवळ्यांवरचं शेवाळ खरवडून खातो, सोबत गेलेलं पोवळं पोटात दळलं जातं आणि वाळू होऊन बाहेर पडतं. पायाखालची काही पांढरी वाळू त्याच्याच जात्यातली! जाहिरातींतल्यासारखे भडक रंग मात्र सगळीकडे दिसणार नाहीत. पाणी फार तापलं की पोवळी पांढरी पडतात, आणि ते तिथे झालंय.

पोवळ्यांवर उभं राहू नका. ते दगड नाहीत, जीव आहेत. शंख-पोवळं आठवण म्हणून उचलूनही आणू नका. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट बरा.

पायांत रीफ शूज, म्हणजे पाण्यात घालायचे जाड तळाचे बूट, हवेतच. मागे एका काकांनी "चप्पल आहे की" म्हणून ऐकलं नाही. पहिल्याच सकाळी वाळूत चप्पल सुटली आणि सी अर्चिन या गोलसर काटेरी समुद्री जीवाचे काटे तळव्यात गेले. बाकीची सहल त्यांनी खुर्चीवर बसून पाहिली. हुबेहूब दगडासारखा दिसणारा स्टोनफिश त्याहून वाईट, त्याचा काटा विषारी असतो. तो टोचला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा आणि तडक हॉस्पिटल गाठायचं.

कधी जावं? जून ते सप्टेंबर तिथे हिवाळा असतो, हवा कोरडी, पण पूर्व किनाऱ्यावर वारा जोराचा, म्हणून त्या दिवसांत आम्ही पश्चिमेचं हॉटेल घेतो. वादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. गंगा तलाव हे ज्वालामुखीच्या मुखातलं तळं उंचावर आहे, तिथे गार वाटतं, स्वेटर ठेवा. मराठी बोलणारी घरंही भेटतील. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हातात ठेवा. घड्याळ दीड तास मागे करा. बाकरवडी खुशाल न्या, ताजी फळं, रोपं आणि बिया घरीच ठेवा. शूजचं माप निघण्याच्या आठवडाभर आधी ऑफिसात कळवा, लहान मुलांचंही.