मंजुरी आली, आता योजना बदलता येते का? घरच्या सोलरसाठी अर्ज केलेल्यांनी आधी हे वाचा

आम्ही घरांवर सोलर बसवून देतो, दिवसाआड एक तरी फोन येतो. "दादा, आमचं सूर्यघरमधून मंजूर झालंय ना, ते तसंच स्मार्टमध्ये टाकून द्या, तिकडं सबसिडी जास्त आहे म्हणे." (सूर्यघर म्हणजे छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची योजना, स्मार्ट म्हणजे महाराष्ट्र सरकारची.) जसं काय एका एसटीतून उतरून मागच्या एसटीत बसायचं. प्रत्येकाला समजावता समजावता चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. सोलर म्हणजे काय, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) कसा चालतो हे सगळं तुम्हाला माहितीये असं धरून चालतोय, नसेल तर दुकानात या, छतावर चालू प्लांट आहे तो दाखवतो.

आधी एक गोंधळ मिटवू. स्मार्ट योजना आणि स्मार्ट मीटर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मीटरवरून भांडायला आलेली दोन-तीन माणसं आमच्याकडेच येऊन भांडून गेली आहेत, म्हणून सांगतो.

आता मूळ मुद्दा. लोकांना वाटतं पीएम सूर्यघर ही केंद्राची एक योजना आणि स्मार्ट ही राज्याची दुसरी, दोन वेगवेगळ्या थैल्या, जी मोठी ती घ्यायची. तसं नाहीये. स्मार्टमध्ये पहिले ३०,००० रुपये येतात ते केंद्राचेच, सूर्यघरचेच. राज्य सरकार त्याच्यावर आपली भर घालतं, बस्स. म्हणजे थैली एकच आहे, वरून थोडी जास्त भरलेली, आणि तीसुद्धा फक्त १ किलोवॅटच्या प्लांटसाठी. एकाच प्लांटसाठी केंद्राचे पैसे दोनदा मिळत नाहीत, मग योजनेचं नाव काहीही असो. 

आकडे बघा. साध्या सूर्यघरमध्ये १ किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीनला ७८,०००, आणि तीनच्या वर कितीही गेलात तरी ७८,०००च. स्मार्टमध्ये १ किलोवॅटचा खर्च साधारण ५०,००० धरलाय. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राज्याचे १७,५०० मिळतात, म्हणजे त्यांच्या खिशातून जेमतेम २,५०० जातात. १०० युनिटच्या आत वापर असलेल्या सर्वसाधारण गटातल्या घराला राज्याचे १०,००० मिळतात आणि स्वतःचे १०,००० भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या घराला १५,००० मिळतात आणि ५,००० भरायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते "९५ टक्के सबसिडी" म्हणजे हे पहिल्या गटाचं. खोटं नाहीये, पण ते सगळ्यांना नाही.

आणि १०० युनिटची अट लोक वाचतच नाहीत. ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या बारा महिन्यांत एकाही महिन्यात १०० युनिटच्या वर गेलेलं चालत नाही. सरासरी नाही, एकाही महिन्यात! त्यामुळे "दादा, आता आम्ही कूलर लावतच नाही, बिल ८० वर आणलंय" याचा काही उपयोग नाही, ते बारा महिने होऊन गेले. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराच्या उभ्या पट्ट्या असतात ना, जुनी बिलं काढून त्या बघा. एप्रिल-मेची पट्टी वर गेलेली दिसली तर तुमच्यासाठी स्मार्टचा विषय तिथंच संपला, फोन करायचीसुद्धा गरज नाही (केलात तरी चालेल, पण उत्तर हेच मिळेल).

आता ज्यामुळे आमचा आणि तुमचाही सगळ्यात जास्त वेळ जातो ती चूक. पहिला अर्ज तसाच ठेवून, आम्हाला न सांगता, दुसऱ्या मोबाईल नंबरवरून दुसरा अर्ज भरणं.

एक घडलेली गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. एक काका, चांगले ओळखीचे, ३ किलोवॅटची मंजुरी आलेली, छत मोजून झालेलं, पाण्याच्या टाकीची सावली येत होती म्हणून स्ट्रक्चर (पॅनेल बसतात तो लोखंडी सांगाडा) दोन फूट उंच करायचं ठरलेलं, पाइप कापायला टाकलेले. पुण्याहून जावयांनी तो ९५ टक्क्यांचा मेसेज पाठवला, तो बघून काका एका सायबर कॅफेत गेले आणि तिथल्या पोराने त्याच मीटरचा नंबर टाकून, जावयांचा मोबाईल नंबर देऊन कुठंतरी नोंदणी करून दिली, शंभर रुपये घेतले. झालं, ओटीपी जावयांच्या फोनवर, जावई मीटिंगमध्ये, एका अर्जावर नाव बिलावरचं, दुसऱ्यावर आधारवरचं, आणि बँकेत कर्जाचा कागद पहिल्या अर्जावर अडकलेला. काका आमच्याकडे आले ते बिल घेऊन. मी पट्ट्या बघितल्या, मेमध्ये ३१२ युनिट. म्हणजे ज्या योजनेसाठी एवढा खटाटोप केला ती त्यांना मिळणारच नव्हती. तो दुसरा अर्ज काढून टाकून सगळं पूर्ववत व्हायला सात आठवडे गेले.   तेवढ्या दिवसांचं बिल काकांनी पूर्ण भरलं.

तेव्हा एवढंच लक्षात ठेवा, बदलायचं असेल तर आधी आम्हाला सांगा, पहिला अर्ज रीतसर रद्द करा, रद्द झाल्याचं दिसू द्या, त्याचा स्क्रीनशॉट काढा, मगच दुसरीकडे हात घाला. आणि मोबाईल नंबर घरातल्याच माणसाचा द्या, जो फोन उचलतो त्याचा.

आता "मंजुरी" या शब्दाबद्दल, कारण निम्मा घोळ या शब्दाने होतो. तुम्हाला मोबाईलवर जी मंजुरी येते ती पैशांची मंजुरी नसते. तुमच्या मीटरवर, तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर एवढा प्लांट जोडता येईल एवढंच ते सांगतं, आणि १० किलोवॅटपर्यंत तर आता ती तांत्रिक मान्यता आपोआपच मिळते, कुणी बघायला यायची गरज राहिली नाही. सबसिडी पक्की होते ती शेवटी. म्हणजे प्लांट बसला, नेट मीटर लागला, तपासणी झाली, फोटो आणि पॅनेलचे सिरीयल नंबर योजनेच्या पोर्टलवर चढले, त्यानंतर तुम्ही बँकेचे तपशील टाकून मागणी करता तेव्हा. त्यामुळे "मंजूर झालेली सबसिडी तिकडे ट्रान्सफर करा" हे वाक्यच बरोबर नाही, मंजूर झालेली सबसिडी असं अजून काही तुमच्या नावावर नसतंच.

याचा फायदाही आहे बरं का. नुसती तांत्रिक मंजुरी आली असेल, माल आला नसेल, कर्ज उचललं नसेल तर मागे फिरणं फार जड जात नाही. व्हेंडर (प्लांट बसवणारा) निवडून झालाय, आम्ही मोजमाप करून स्ट्रक्चर कापलंय, तर अर्ज मागे घेता येतो पण कुणाचं तरी नुकसान होतं, तुमचं नाहीतर आमचं. कर्ज मंजूर झालं असेल तर बँकेत नव्याने उभं राहा, कारण बँक कर्ज देते ते त्या अर्जावर आणि त्या कोटेशनवर. रिझर्व्ह बँकेच्या रेपो रेटच्या वर अर्धा टक्का अशा व्याजाने, काही गहाण न ठेवता मिळणारं कर्ज आहे, ते पुन्हा मिळेल, पण आधीच्या फाइलची तारीख गेली. आणि प्लांट बसून नेट मीटर फिरायला लागला की विसरा, मग योजना बदलणं नावाची गोष्टच नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीतही असंच झालं होतं, जुन्या लोकांना आठवत असेल. त्या वर्षी जानेवारीत ३ किलोवॅटला ५४,००० होते, १३ फेब्रुवारीला सूर्यघर जाहीर झाली आणि एकदम ७८,०००. ज्यांचे प्लांट आधीच बसून चालू झाले होते ते महिनाभर आमच्यावर रागावून होते, जसं काय आम्हाला दिल्लीतून आधी फोन आला होता. वाईट वाटणं बरोबर आहे, पण त्यांनी थांबून काय केलं असतं? त्यांचं बिल त्याआधीच कमी झालेलं होतं.

टोकन का घेता, हा दुसरा आवडता प्रश्न. मंजुरी आल्यावर आम्ही ५,००० घेतो, ते शेवटच्या बिलात वळते करतो. अर्ज भरणं, छत बघायला येणं, सावलीचा अंदाज काढणं, याचे काही घेत नाही. पण स्ट्रक्चर तुमच्याच छताच्या मापाने कापलेलं असतं, ते दुसऱ्याच्या छतावर बसत नाही, आमच्या गोडाऊनमागे अशी चार घरांची कापलेली पाइपं पडून आहेत, येऊन बघा. पाइप कापायच्या आधी सांगितलंत तर टोकन पूर्ण परत, कापल्यावर नाही. हे पावतीवर छापलंय, कुणी वाचत नाही तो भाग वेगळा.

अजून एक बदल लोक मंजुरीनंतर मागतात, योजना तीच पण पॅनेल स्वस्तातलं. "बाहेर दहा-बारा हजारांनी कमी पडतंय." पडत असेल. सबसिडीसाठी सेलही (पॅनेलच्या आतला वीज बनवणारा भाग) भारतात बनलेला आणि पॅनेलही भारतातलं लागतं, ज्याला आपण डीसीआर म्हणतो. पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर पोर्टलवर तपासला जातो, तिथं हातचलाखी चालत नाही. दहा हजार वाचवायला जाऊन ७८,००० घालवणारा माणूस मी स्वतः बघितलाय, सुदैवाने आमचा ग्राहक नव्हता. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या मालावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, आमचे रेट त्याच आठवड्यात कमी केलेत, जुनं कोटेशन असेल तर नवीन करून घ्या.

आता मनातलं बोलतो. स्मार्टचं काम आम्ही करत नाही, तिथं एजन्सी महावितरण ठरवतं. त्यामुळे "हा माणूस स्मार्टबद्दल वाकडं बोलणारच" असं वाटू शकतं. पण आमच्याच गल्लीत एक मावशी राहतात, एकट्या, दोन दिवे, एक पंखा, टीव्ही, बिल ६०-७० युनिटच्या वर कधी जात नाही. त्या आमच्याकडे ३ किलोवॅटची चौकशी करायला आल्या होत्या कारण शेजारणीने लावलं. मीच सांगितलं, मावशी, तुम्हाला हे नको, तुम्ही स्मार्टमध्ये नाव घाला. १ किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट बनवतो, तुम्हाला ते पुरून उरतं. आमचं गिऱ्हाईक गेलं, पण मावशींनी नंतर दोन घरं पाठवली.

उलट ज्यांच्याकडे बिल २५०-३०० युनिटचं आहे, पोरगी मोठी होतेय, पुढच्या वर्षी एसी येणार, ते स्मार्टमध्ये बसत नाहीतच, त्यांनी साध्या सूर्यघरच्याही १ किलोवॅटमध्ये अडकू नये. १२० युनिट वजा केले तरी उरलेले १३० ते १८० युनिट दर महिन्याला विकतच घ्यायचे. ३ किलोवॅट त्यांचं बिल जवळपास पुसून टाकतो, आणि सबसिडी ३०,००० ऐवजी ७८,००० मिळते, हे तर कुणी बोलतच नाही. टक्केवारी मोठी दिसते तिकडे सगळे बघतात.

सोसायटीवाल्यांचं वेगळं आहे, लिफ्ट-पंप-पार्किंगच्या दिव्यांसाठी किलोवॅटला १८,००० मिळतात, त्यात सभासदांनी स्वतंत्र लावलेले प्लांटही मर्यादेत धरतात, तेव्हा सेक्रेटरींना घेऊनच या. आणि शेतातल्या सौर पंपाचा अर्ज केलाय म्हणून घरचं सोलर अडत नाही, ते कनेक्शनच वेगळं. हाही प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो.

कुठल्या योजनेत बसता हे कळायला मागच्या वर्षभराची बिलं, नाहीतर निदान एका बिलाचा स्पष्ट फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ग्राहक क्रमांकाचे बारा आकडे दिसले पाहिजेत आणि पट्ट्यासुद्धा, अंगठा मध्ये येऊ देऊ नका. हिशोब करून त्याच संध्याकाळी पाठवतो, त्याचे पैसे नाहीत. आधीच कुठं अर्ज केला असेल, सायबर कॅफेतून का असेना, तर तेही त्याच मेसेजमध्ये लिहा, आम्ही रागावत नाही. सकाळी ११ ते ४ फोन करू नका, तेव्हा आम्ही कुणाच्या तरी छतावर असतो आणि ड्रिलच्या आवाजात काही ऐकू येत नाही.