काठी कुठल्या हातात?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांमधले काठीवाले जरा निरखून बघा. पाय लंगडतो उजवा आणि काठीही उजव्याच हातात, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसेल. विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "अहो, दुखतंय तिकडेच आधार नको का?" ऐकायला बिनतोड. शाळेत शिकलेली तरफ मात्र नेमकं उलट सांगते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. फिजिओथेरपिस्ट हे रोज सांगतात, पण त्यामागचं कारण सांगायला त्यांना सवड नसते, आणि कारण न कळलेली सूचना घरी पोहोचेपर्यंत विसरली जाते.

आधी दुखणं नेमकं कुठलं ते बघू. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, कधी मांडीतून थेट गुडघ्यापर्यंत उतरतं. "खुबा दुखतो" म्हणत लोक मागच्या खिशाजवळ हात ठेवतात, ते दुखणं पुष्कळदा कंबरेच्या मणक्यांचं निघतं. गुडघ्याच्या बाबतीत "डॉक्टर म्हणाले गॅप कमी झालाय" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. हा गॅप म्हणजे पोकळी नव्हे. तिथे कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, असते आणि ती साध्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून हाडांच्या मधली जागा रिकामी भासते. कूर्चा पातळ झाली की दोन हाडं चित्रात जवळ येतात. पण चित्र आणि वेदना यांचा मेळ दर वेळी बसत नाही. एक्स-रे वाईट असूनही त्र्यंबकला जाऊन ब्रह्मगिरी चढणारी माणसं असतात, आणि चित्र बरं असूनही उंबरा ओलांडताना कळवळणारीही.

आता माझ्या आवडीचा भाग. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कंबरेच्या मोठ्या हाडातल्या खोबणीत बसतो. चालताना प्रत्येक पावलात एक क्षण असा येतो, की आपण एकाच पायावर उभे असतो. समजा आजोबांचं वजन ६० किलो आहे आणि ते उजव्या पायावर उभे आहेत. तो पाय साधारण १० किलोचा. उरलेले ५० किलो उजव्या खुब्याने तोलायचे. (बल न्यूटनमध्ये मोजतात, किलोत नाही, हे मला माहीत आहे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी एवढ्यापुरतं चालवून घ्यावं.)

पण हे ५० किलो खुब्याच्या बरोबर वर नसतात. त्यांचा भार शरीराच्या मध्यावर, म्हणजे खुब्यापासून अंदाजे १० सेंटिमीटर डावीकडे असतो. त्यामुळे कंबर डावीकडे कलंडायला बघते. तिला कलंडू न देणारा स्नायू खुब्याच्या बाहेरच्या अंगाला असतो. त्याचं नाव ग्लुटियस मेडियस. तो खुब्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतो. म्हणजे टेकू खुबा, भारभुजा (टेकूपासून भाराचं अंतर) १० आणि बलभुजा (टेकूपासून ओढीचं अंतर) ५. पन्नास गुणिले दहा पाचशे, भागिले पाच शंभर. पन्नास किलो सावरायला स्नायूला शंभर किलोची ओढ लावावी लागते.

ही ओढ जाते कुठे? खुब्यावरच. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत निघालेला वारकरी काठीच्या मागच्या टोकाला गाठोडं अडकवून ती खांद्यावर टाकतो आणि पुढचं टोक हाताने खाली ओढून धरतो, तेव्हा त्याच्या खांद्याला गाठोड्याचं वजनही लागतं आणि हाताची ओढही. गाठोडं जितकं मागे, तितकी ओढ जास्त. खुब्याचं तसंच आहे. पन्नास अधिक शंभर, दीडशे किलो. शरीराच्या वजनाच्या अडीचपट, आणि तेही नुसतं एका पायावर उभं राहिल्याबद्दल.

हे गणित १९३५ साली जर्मनीतल्या फ्रीडरिश पाउवेल्स या अस्थिरोगतज्ज्ञांनी मांडलं. पुढे बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान यांच्या गटाने कृत्रिम खुब्यांमध्येच मोजमापाची यंत्रणा बसवली. रुग्ण चालत असताना सांध्यावरचा भार बिनतारी संदेशाने बाहेर कळू लागला. २००१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत साध्या चालीतला सर्वाधिक भार सरासरीने वजनाच्या २.३८ पट निघाला. कागदावरचे आकडे इतके जवळ येतात तेव्हा मला दिवसभर बरं वाटतं. अडखळताना मात्र एका रुग्णाच्या खुब्यावर आठपटीहून जास्त भार नोंदला गेला. काठीचं पहिलं काम अडखळू न देणं, हे त्यावरून समजावं.

आता आजोबांच्या डाव्या हातात काठी द्या आणि तिच्यावर फक्त ६ किलो भार टाकायला सांगा. काठी खुब्यापासून ३५ सेंटिमीटर लांब टेकली आहे. सहा गुणिले पस्तीस, दोनशे दहा. पाचशेतून ते वजा केले की उरले दोनशे नव्वद, भागिले पाच अठ्ठावन्न. स्नायूची ओढ शंभरावरून अठ्ठावन्नवर आली. खुब्यावर आता अठ्ठावन्न अधिक पन्नास वजा काठीने पेललेले सहा, म्हणजे १०२ किलो. सहा किलोच्या रेट्याने अठ्ठेचाळीस किलोंची सुटका! लांब भुजेची ही किमया.

तीच काठी उजव्या हातात घेतली तर? ती खुब्याच्या बाहेरून वर रेटते, म्हणजे कंबरेला डावीकडेच आणखी ढकलते. स्नायूचं काम वाढतं. काठी २० सेंटिमीटर बाहेर धरली तर हेच गणित खुब्यावर १६८ किलो भार दाखवतं. मग त्या हातात धरूनही लोकांना बरं का वाटतं? कारण ते काठीकडे अख्खं अंग झुकवतात. धड खुब्याच्या वर सरकतं आणि भारभुजा लहान होते. सांध्याला आराम मिळतो, पण चाल झोके खाते आणि त्याचा भुर्दंड कंबर भरते.

कागदावरचं हे गणित ठोकळेबाज आहे, हे मान्य. प्रत्यक्ष मोजल्यावर काठीमुळे होणारी घट याहून बरीच कमी भरते. दिशा मात्र तीच राहते. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन शल्यविशारदांनी १९५६ साली काठी फेकून देऊ नका असं आपल्या व्यवसायबंधूंना कळवळून सांगितलं, ते याच तरफेच्या जोरावर.

याच हिशोबात एक मजेदार गोष्ट लपली आहे. रविवार कारंजावरून भाजी घेऊन येताना पिशवी कुठल्या हातात धरावी? खुबा उजवा दुखत असेल आणि पाच किलोची पिशवी डाव्या हातात असेल, तर ती लांब भुजेवरून कंबर खाली ओढते. वरच्या पद्धतीने मांडलं तर खुब्यावर चाळीस किलोंची भर. तीच पिशवी उजव्या हातात घेतली तर ती स्नायूला मदत करते आणि एकूण भार उलट थोडा कमी होतो. वजन वाढूनही सांध्यावरचा भार कमी! तेव्हा खुबा दुखत असेल तर पिशवी दुखऱ्या बाजूला, काठी दुसऱ्या बाजूला. सर्वांत उत्तम म्हणजे पिशवी नातवाकडे.

गुडघ्याचं गणित याहून किचकट आहे, थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या ज्येष्ठांचे गुडघे बहुधा आतल्या बाजूने झिजतात आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात. जमिनीकडून येणारा रेटा गुडघ्याच्या आतल्या अंगाने जातो, म्हणून आतला कप्पा जास्त दबतो. विरुद्ध हातातली काठी हा दाब कमी करते. ब्राझीलमध्ये गुडघेदुखीच्या रुग्णांना दोन महिने रोज काठी वापरायला लावून पाहिलं, तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. काठीवाल्यांची वेदना कमी झाली. पहिल्या महिन्यात काठीने चालताना शक्ती जास्त खर्च होत होती, दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस अंगवळणी पडलं. दोन दिवसांत "जमत नाही" म्हणून काठी कोपऱ्यात ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

काठीची जाहिरात कोणी करत नाही, कारण तिच्यात पैसा नाही. जाहिराती असतात "वंगण" परत आणणाऱ्या तेलांच्या आणि चुंबकाच्या पट्ट्यांच्या. तेलाने चोळल्यावर बरं वाटतं ते उबेने आणि मायेच्या हाताने, पण तेल कातडीतून सांध्यात झिरपत नाही. सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचं म्हणाल तर अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या एकंदरीत औषध नसलेल्या खोट्या गोळ्यांपेक्षा लक्षणीय सरस ठरल्या नाहीत. शिवाय बऱ्याच ब्रँडचं ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं. चतुर्मास पाळणाऱ्या आजींना हे कोणी सांगितलेलं नसतं.

काठीची उंची दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. रोजची चप्पल-बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. काठीची लाज वाटते म्हणून बारा महिने छत्री बाळगणारे काका सगळ्यांच्या ओळखीचे असतात. छत्रीचं टोक फरशीवर सरकतं आणि तिची दांडी माणसाचा भार घ्यायला केलेलीच नसते. काठी आणि दुखरा पाय एकदमच पुढे टाकायचे. रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. जिना उतरताना गुडघ्यावर वजनाच्या साडेतीनपटीच्या आसपास भार येतो, म्हणून उतरणं चढण्यापेक्षा जास्त दुखतं.

तो ग्लुटियस मेडियस बळकट करायचा तर कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून हळूहळू उचलायचा. मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव करायचा. किती वेळा ते फिजिओथेरपिस्ट ठरवतील. वजन एक किलो उतरलं तर गुडघ्यावरचा भार दर पावलाला जवळपास चार किलोंनी उतरतो. पडल्यानंतर जांघेत दुखून पाय टेकवतच नसेल, तर काठीही नको आणि शेकही नको, त्याच दिवशी एक्स-रे काढायचा. सांधा अचानक सुजून लाल झाला आणि ताप आला तरीही थांबायचं नाही.

दोन्ही गुडघे दुखत असतील तर काठी जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, आणि दोन्ही सारखेच बेजार असतील तर वॉकर बरा. काठीच्या टोकाचं रबर मात्र अधूनमधून उलटं करून बघा. त्यावरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर ओल्या घाटावर ते घसरतं. नवीन रबर सर्जिकलच्या दुकानात सुटं मिळतं.