जीभ पालटणाऱ्यांची भाषा

कोर्टकचेरीशी संबंध आलेल्या माणसाला 'तर्जुमा' ठाऊक असतो. मूळ कागद एका भाषेत, सोबत त्याचा तर्जुमा. हा शब्द मराठीत आला फारसीतून, फारसीत अरबीतून. त्याच्याही मागे माग काढत गेलं की मातीच्या पाट्यांवर 'तरगुमन्नुम' सापडतो, अर्थ दुभाषा. पाट्या आजच्या इराकच्या परिसरातल्या, भाषा अक्कडी. ती बोलणारे संपून दोन हजारांहून जास्त वर्षं झाली.

असा एक दुभाषा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात भेटतो, निदान त्याची मुद्रा तरी. इवलीशी दगडी लाटणीच ती. ओल्या मातीवर फिरवली की चित्र आणि अक्षरं उमटतात. मालकाचं नाव शू-इलीशू, काळ सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचा, काम मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा. मेलुह्हा म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते सिंधू संस्कृतीचा मुलूख. सिंधू लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, आणि ती भाषा येणाऱ्या माणसाचं नाव मात्र आपल्याला कळतं. चुटपुट लागते ती याची.

त्याच्या आधी, इ.स.पू. २३३४च्या सुमारास, अक्कडचा राजा सारगॉन गादीवर आला. खरं नाव शर्रू-कीन, म्हणजे 'राजा खरा आहे'. नावातच एवढी ग्वाही द्यावी लागते तेव्हा गादी वडिलोपार्जित नसणार, हे ओळखावं. मेलुह्हा, मगन (आजच्या ओमानचा भाग) आणि दिल्मुनची (बहरीनची) गलबतं अक्कडच्या धक्क्याला लागतात, अशी बढाई त्याच्या लेखात आहे. ते अक्कड शहर नेमकं कुठे होतं, याचा पत्ता आजही लागलेला नाही. नातू नराम-सिन स्वतःला देव म्हणवू लागला. पुढे डोंगराळ मुलखातल्या गुतियन टोळ्यांचे हल्ले झाले, दुष्काळानंही हात धुऊन घेतला असावा, आणि साम्राज्य दोनशे वर्षंही टिकलं नाही.

भाषा मात्र टिकली, तीही उसन्या लिपीवर. अक्कडी ही अरबी आणि हिब्रूची नातलग. लिपी त्याच मुलखाच्या दक्षिणेतल्या सुमेरी लोकांची, ज्यांची भाषा कुणाच्याच नात्यातली नाही. त्यामुळे ओढाताण झाली. शब्दाच्या शेवटी त, द आणि जड त यांना एकच चिन्ह. 'चाक' आणि 'चार' आपण एकाच च-नं लिहितो आणि वाचताना सवयीनं वेगळे उच्चारतो, तसंच काहीसं. शिवाय सुमेरी चिन्हं तशीच ठेवून ती अक्कडीत वाचायची. लिहायचं 'लुगल', म्हणजे 'मोठा माणूस'. वाचायचं 'शर्रुम', राजा. ५ हा आकडा मराठी माणूस 'पाच' वाचतो आणि गुजराती 'पांच', तशी ही युक्ती. शू-इलीशूच्या मुद्रेवरही धंद्याचं नाव सुमेरीतच आहे: 'एमे-बल', जीभ पालटणारा.

लिपीबरोबर आणखीही काही आलं. जुन्या अरबीत क्रियापद बहुधा वाक्याच्या आरंभी येतं. अक्कडीत ते मराठीसारखं शेवटी. सुमेरीत तसंच होतं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला!

इ.स.पू. चौदाव्या शतकात इजिप्तचा फेरोदेखील परक्या राजांशी अक्कडीत पत्रव्यवहार करत होता. मग अरामी भाषेनं तिची जागा घेतली आणि कीलाक्षरं, म्हणजे ओल्या मातीत उमटवलेली ती खिळ्यांसारखी अक्षरं, मुकी झाली. ती बोलती करणाऱ्यांतला हेन्री रॉलिन्सन १८२७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी मुंबईत उतरला होता. इराणात बदली झाल्यावर त्यानं बेहिस्तूनच्या कड्यावरचा तीन भाषांतला लेख उतरवून घेतला. त्यातली एक अक्कडी. पण वाचन बरोबर कशावरून? १८५७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनं एकाच अक्कडी लेखाचे चौघांनी स्वतंत्रपणे केलेले तर्जुमे मोहोरबंद पाकिटांत मागवले. रॉलिन्सन, हिंक्स, ओपर्ट आणि टॅल्बट यांची पाकिटं फोडली, तर अर्थ बऱ्याच अंशी जुळत होता.

तेव्हापासून वाचलेल्या पाट्यांत राजांच्या बढायांपेक्षा मला इद्दिन-सिनचं पत्र जास्त आवडतं. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या काळातला हा मुलगा घरापासून लांब राहत होता, आणि आई झिनूवर रुसला होता. इतरांचे कपडे वर्षागणिक चांगले होतात, माझेच तेवढे निकृष्ट. आपल्या घरात लोकर भाकरीसारखी खपते, तरी ही तऱ्हा. बाबांच्या हाताखालच्या माणसाच्या पोराला दोन नवे जोड. त्याची आई दत्तक घेतलेल्या पोरावर माया करते, आणि तू तर मला जन्म दिलास!