थेंबाचं भिंग, बोरिंगचं पाणी आणि बॉनेटवरचे गोल डाग

मे लागला की आमच्या इंदूरच्या सुदामा नगरच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी फिरतो. "गाडी उन्हात धुऊ नका, पाण्याचे थेंब भिंगाचं काम करतात आणि पेंट जळतो." खाली हात जोडलेले इमोजी. आता गंमत अशी की सल्ला अगदी बरोबर आहे आणि कारण साफ चूक आहे, आणि मला राग त्या कारणाचाच येतो, कारण खरं कारण कितीतरी भारी आहे आणि ते कोणापर्यंत पोचतच नाही.

आधी भिंगाचा निकाल लावू. शाळेत भिंगाने कागद जाळला असेल तर आठवेल, भिंग कागदापासून ठराविक अंतरावर धरावं लागतं, कागदावर टेकवून ठेवलं तर काही होत नाही. बॉनेटवरचा थेंब वरून फुगीर, खालून सपाट आणि पेंटला चिकटलेला. समजा तो अगदी अर्धा गोल आहे आणि त्रिज्या 3 मिमी. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाश किती वाकवतं त्याचं माप, 1.33. गणित केलं तर किरण एकत्र यायला बघतात ते थेंबाच्या माथ्यापासून त्रिज्येच्या चौपट खोल, म्हणजे 12 मिमीवर, आणि थेंबाची एकूण उंचीच 3 मिमी. फोकस गेला पेंटच्या 9 मिमी खाली, इंजिनच्या दिशेने! पेंटवर पोचतो तेव्हा प्रकाश दुपटीनेसुद्धा दाटलेला नसतो. खरे थेंब तर ह्याहून चपटे असतात, म्हणजे फोकस अजून खाली, आणि वरून पाणी उडताना पत्रा थंडच करतं.

हीच समजूत माळीकामातही आहे, भर दुपारी पाणी घालू नका, पानं जळतात म्हणून. बुडापेस्टचे संशोधक गाबोर होर्वाथ आणि मंडळींनी 2010 मध्ये हे पानांवर करून पाहिलं. काचेच्या गोळ्यांनी पानं जळली, गुळगुळीत पानांवरच्या पाण्याच्या थेंबांनी नाही. अपवाद फक्त लव असलेल्या पानांचा, कारण तिथे थेंब लवेवर उचलून धरलेला राहतो आणि फोकस पानावर येऊ शकतो. तुमच्या बॉनेटला लव नसावी अशी आशा आहे.

मग ते गोल गोल पांढरे डाग कसले? ते आपल्या पाण्यातूनच येतात. इंदूरला नर्मदा येते सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून, ती एक दिवसाआड भरून ठेवायची आणि प्यायची, तिच्याने गाडी धुतली तर घरात आई बोलते आणि बरोबरच बोलते. त्यामुळे गाडी धुतो ती बोरिंगच्या पाण्याने. माळव्याचं पठार म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला काळा खडक, आणि वर काळी माती. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतला कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून खाली नेतं. तेच आपलं हार्ड पाणी. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानलाय, दुसरा सोर्सच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या म्हणतात. 600 वालं पाणी धरलं तर 15 लिटरच्या बादलीत 9 ग्रॅम चुना-मसाला झाला. धुऊन झाल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहिलं असं धरा, तर 300 मिलिग्रॅम थर तुम्ही स्वतःच्या हाताने लावलात. कूलरच्या जाळ्यांवर उन्हाळ्याच्या शेवटी जो पांढरा खरपुडा दिसतो ना, तोच.

पाणी उडतं, कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट न विरघळणारा कार्बोनेट होऊन बसतो. त्यात हा कार्बोनेट बऱ्याच क्षारांच्या उलट, पाणी जितकं गरम तितका कमी विरघळतो. मे महिन्यात दुपारी काळ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून बघा, म्हणजे उन्हात का धुवायची नाही ते कळेल, फडका फिरवायच्या आधीच डाग बसलेला असतो.

पण तो गोल का? सगळीकडे सारखा का पसरत नाही? इथे मला थोडा वेळ द्या, कारण माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

चहाचा थेंब ओट्यावर वाळला तर मध्ये फिकट आणि कडेला गडद रिंग राहते, हे सगळ्यांनी बघितलंय, पण ह्याचं नीट उत्तर 1997 पर्यंत कोणी दिलं नव्हतं. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी ते दिलं, कॉफीचे थेंब घेऊन. झालं असं की थेंबाची कडा पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीत जागी, धुळीच्या कणाला, तेलकटपणाला अडकून बसते, आत सरकू शकत नाही. आता गच्चीवर पापड घातले की कडा आधी वाळते, तसंच थेंबाचंही कडेकडून पाणी जास्त उडतं, कारण मधल्या रेणूच्या आजूबाजूला आधीच वाफ भरलेली असते आणि कडेच्या रेणूला बाजूची मोकळी हवा मिळते. कडेचं पाणी कमी झालं तर कडा आत यायला हवी, पण ती तर अडकलेली! मग ती भरून काढायला मधलं पाणी बाहेरच्या बाजूला वाहू लागतं, आणि येताना जे काही आत असेल ते, धूळ असो की कॅल्शियम, सोबत ओढून आणतं. थेंब चपटा होत जातो तसा हा प्रवाह अजून जोरात होतो. म्हणजे आपल्याला वाटतं थेंब शांतपणे वाळतोय, आत मात्र सगळा माल कडेला नेऊन टाकायचं काम जोरात चालू असतं.

ज्यांना गणित आवडतं त्यांच्यासाठी, वाफ पसरण्याचं समीकरण इथे लाप्लासच्या समीकरणात बसतं, म्हणजे विद्युतभार दिलेल्या धातूच्या टोकदार कडेजवळ विद्युतक्षेत्र वाढतं तीच गोष्ट, आणि थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन 90 अंशांच्या खाली असेल तर कडेवरचा बाष्पीभवनाचा दर कागदावर अनंताकडे जातो. बाकीच्यांनी हे वाक्य सोडून द्या.

पण कोनाची गोष्ट सोडू नका, कारण वॅक्स त्यासाठीच लावतात. चांगलं वॅक्स असेल तर थेंब गोटीसारखे उभे राहतात, थेंबाचा पृष्ठभागाशी होणारा कोन 90 अंशांच्या वर जातो, कडेचं पाणी लवकर उडायचा तो फायदा संपतो, शिवाय कडा अडकत नाही, थेंब आकसत जातो आणि रिंगच्या जागी एक छोटा ठिपका उरतो. मुख्य म्हणजे बरंच पाणी घरंगळूनच जातं. मात्र जे थेंब उरले ते पुसावे लागतातच, कोटिंगवाला भैया काहीही सांगो. आणि तो कोटिंग किती कडक ते सांगताना "9एच" म्हणतो ना, ते पेन्सिलीने ओरखडा पडतो का त्या टेस्टचं माप आहे, खनिजांच्या कठीणपणाचं नाही. आपल्याकडच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, सुक्या फडक्याने सकाळी गाडी झटकणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं, 9एच असो नाहीतर नसो. आधी भरपूर पाणी टाकून धूळ उतरू द्या, मग हात लावा.

डाग पडलेच असतील तर ताज्यावर पातळ व्हिनेगर चालतं, कार्बोनेट आम्लात विरघळतो आणि बारीक बुडबुडे येतात. लगेच भरपूर पाण्याने धुवा, तसंच ठेवू नका. लिंबाचा रसही चालेल. भिया, बंपरला मिरचीसोबत टांगलेल्या लिंबाने आजवर कोणाची नजर उतरली माहीत नाही, पण डागावर चोळलं असतं तर निदान कॅल्शियम तरी उतरला असता. टॉयलेट क्लीनर मात्र अजिबात नको, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते क्रोमला आणि पत्र्याला दोघांनाही खातं.

बेसाल्टमधून आलेल्या पाण्यात थोडी सिलिकाही असते, आणि ती एकदा जमून बसली की व्हिनेगर ओतून काही होत नाही. मग पॉलिशच करावं लागतं, आणि पॉलिश म्हणजे वरचा पारदर्शक थर घासून कमी करणं. तो थर असतो साधारण 40-50 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपल्या केसाहून पातळ, त्यामुळे दर दिवाळीला पॉलिश मारून आणायची हौस जरा आवरा.

अजून एक, पाणी वाचवायला लोक आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात. कल्पना चांगली, पण आरओ स्वच्छ पाणी वेगळं काढतं म्हणजे उरलेल्यात क्षार अजून दाटतात. टायर, मॅट, पहिलं भिजवणं ह्याला बिनधास्त वापरा, शेवटच्या पाण्याला नको. शेवटी फिरवायला एसीचं टपकणारं पाणी बेस्ट, ते हवेतली वाफ जमून झालेलं असतं, क्षार जवळपास शून्य. मे महिन्यात कोरड्या हवेत फार मिळत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये बादली भरते. फक्त ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतू नका, कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात येतात, बॅटरीला दुकानातलंच डिस्टिल्ड आणा.