दाण्यांचे चॉकलेट (ग्रामीण विदर्भ)

भाजलेले शेंगदाणे, काजू, बदाम यांचे अख्खे दाणे किंवा तुकडे घालून केलेली कोकोयुक्त वा कोकोसदृश मिठाई. बोलीत ‘दाण्याचं चाकलेट’, ‘काजूवालं’, ‘बदामवालं’ अशी नावे ऐकू येतात. विदर्भाच्या खेड्यांत ‘चॉकलेट’ या शब्दाचा आवाका मोठा आहे. लिमलेटची गोळी, दुधाची टॉफी, खोबऱ्याची वडी, कागदात गुंडाळलेले जे काही गोड असेल ते सारे चॉकलेटच. खऱ्या कोकोच्या वडीला वेगळे काढण्यासाठी ‘कॅडबरी’ हे व्यापारनाम सामान्यनामासारखे वापरतात, मग वडी कोणत्याही कंपनीची असो. ही कंपनी १९४८ मध्ये भारतात आली. प्रस्तुत नोंदीत या पसाऱ्यातील दाणे असलेल्या प्रकाराचाच विचार केला आहे.

व्युत्पत्ती : ‘चॉकलेट’ हा शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये, तेथून इतर युरोपीय भाषांत आणि इंग्रजीमार्गे मराठीत आला, इथवर अभ्यासकांचे एकमत आहे. मूळ रूप कोणते, यावर मात्र वाद आहे. जुन्या संदर्भग्रंथांत ‘शोकोलात्ल’ (कडू पाणी) हे रूप दिलेले असते आणि मराठीतील बहुतेक लेखनात तेच उतरले आहे. अडचण अशी, की स्पॅनिश वसाहतीच्या आरंभकाळातील साधनांत या पेयाला ‘काकावात्ल’ म्हटले आहे; ‘शोकोलात्ल’ तेथे सापडत नाही. करेन डेकिन व सोरेन विकमन या भाषाभ्यासकांनी २००० मध्ये ‘चिकोलात्ल’ हे रूप पुढे केले आणि त्याचा संबंध पेय घुसळण्याच्या काठीशी लावला. या पेयाची सारी प्रतिष्ठा त्याच्या फेसात होती आणि फेस घुसळण्यातूनच येतो. त्यामुळे हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ताकाच्या रवीशी परिचित असलेल्या वाचकाला ते सहज पटावे.

दाण्यांच्या चॉकलेटाच्या दृष्टीने नाहुआत्लमधील दुसरा एक शब्द अधिक मोलाचा आहे. या भाषेत भुईमुगाला ‘त्लाल्काकावात्ल’ म्हणत. ‘त्लाल्ली’ म्हणजे जमीन आणि ‘काकावात्ल’ म्हणजे कोकोचे बी. म्हणून शेंगदाणा हा ‘भुईतला कोको’. मेक्सिकोच्या स्पॅनिशमधील ‘काकावाते’ आणि फ्रेंचमधील ‘काकाउएत’ हे शेंगदाण्याचे शब्द त्यातूनच आले. मराठीतला ‘भुईमूग’ याच घाटणीचा आहे : ओळखीचे एक बी घ्यायचे आणि त्याला भुई जोडायची. एकाने दुसऱ्याचा शब्द उचलला असे येथे मुळीच नाही. फूल वर येते आणि शेंग मातीत धरते, ही नवलाची गोष्ट दोन दूरच्या मुलुखांतील शेतकऱ्यांनी पाहिली आणि दोघांनीही आपापल्या शिवारातले बी आठवून तिला नाव दिले. लिनीअसने दिलेल्या ‘ॲरॅकिस हायपोजिया’ या शास्त्रीय नावातही ‘भूमीखालचा’ हाच अर्थ आहे. चॉकलेटाच्या वडीत शेंगदाणा घालणे म्हणजे नावापुरते पाहिले तर कोकोत भुईकोको घालणे होय.

विदर्भात मात्र ‘भुईमूग’ पिकापुरता उरतो. खाण्याच्या दाण्याला ‘फल्ली’ वा ‘फल्लीदाणे’ आणि तेलाला ‘फल्ली तेल’ म्हणतात. हे हिंदी ‘मूँगफली’चे संक्षिप्त रूप असावे. हा प्रदेश १९५६ पर्यंत हिंदी भाषक जिल्ह्यांसह मध्यप्रांत-वऱ्हाडात (पुढे मध्य प्रदेशात) होता, हे लक्षात घेता त्यात आश्चर्य नाही. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतील, बहुधा दक्षिण बोलिव्हिया व वायव्य अर्जेंटिना या पट्ट्यातील. तो भारतात सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर पोर्तुगीजांकरवी आला असे सामान्यतः मानतात. तमिळमधील ‘मणिला कोट्टै’ या नावावरून फिलिपीन्सचा आणि बंगालीतील ‘चिनेबादाम’वरून चीनचा मार्गही सुचवला जातो. नुसत्या नावावरून मार्ग ठरवणे जोखमीचे आहे. निरनिराळ्या बंदरांत तो निरनिराळ्या वेळी उतरला असावा, असे मानणे बरे.

पूर्वपीठिका : चॉकलेट आणि दाणे एकत्र आणण्याची आधुनिक रीत युरोपातील आहे. लोझानच्या शार्ल-आमेदे कोलरने १८३० च्या सुमारास हेझलनट घातलेले चॉकलेट केले, असे सांगतात. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीची चावून खाण्याची वडी १८४७ ची आणि डॅनिएल पीटरचे दुधाचे चॉकलेट १८७५ च्या आसपासचे. इटलीतील तूरिनच्या ‘जान्दूया’ या हेझलनट-मिश्रणाविषयी एक कथा फार प्रसिद्ध आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्लंडशी व्यापार बंद केला, कोको महागला आणि हलवायांनी शेजारच्या टेकड्यांवरील हेझलनट कुटून त्यात मिसळले, असे ती सांगते. ती नाकेबंदी १८१४ पर्यंत संपली होती, तर या मिश्रणाचे पक्के उल्लेख शतकाच्या मध्यानंतरचे आहेत. १८६५ च्या तूरिनच्या कार्निव्हलमध्ये कागदात गुंडाळलेल्या वड्या वाटल्या गेल्या, हे अधिक विश्वसनीय. नाकेबंदीची कथा नंतर रचली गेली असण्याचा संभव आहे. तरी महाग कोकोच्या जागी गावचा दाणा भरायचा, हे तिच्यातले सूत्र खरे आहे आणि ते विदर्भालाही लागू पडते.

विदर्भात या चवीची वाट चॉकलेटाच्या आधीच तयार झालेली होती. आठवडी बाजारात आणि यात्रेत रेवडी, फुटाणे, वाळूत भाजलेले फल्लीदाणे, गूळ-फल्लीची चिक्की हा ठरलेला खाऊ. भाजका दाणा आणि गोड यांची सांगड जिभेला जुनीच होती. नवी होती ती कोकोची कडसर झाक.

उष्णता व पोत : या मिठाईचे विदर्भातील सारे वर्तन एका आकड्यावर अवलंबून आहे. कोकोच्या तुपाचे स्फटिक सहा प्रकारांत घडतात. त्यांतील पाचवा प्रकार कारागिराला हवा असतो, कारण तो चकाकतो, ‘कट्ट’ आवाज करून तुटतो आणि सुमारे ३४° से.ला वितळतो. शरीराचे तापमान त्याहून थोडे अधिक असल्याने वडी तोंडात विरघळते. विरघळताना तूप जिभेची उष्णता शोषते, म्हणून चांगल्या चॉकलेटाचा पहिला स्पर्श किंचित गार लागतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५° से.च्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या दुकानात तेव्हा जी वडी असते, तिला तुटणे ठाऊक नसते. ती सायंकाळी वितळलेली, पहाटे गोठलेली आणि दुपारी पुन्हा वितळलेली असते.

असे वितळून गोठलेले चॉकलेट वर पांढुरके पडते. गावात त्याला ‘बुरशी आली’ म्हणून फेकतात किंवा दुकानदाराशी वाद घालतात. ती बुरशी नव्हे. आतले तूप पृष्ठावर येऊन चुकीच्या स्फटिकांत गोठते, त्याचा तो थर असतो; खाल्ल्याने अपाय होत नाही, पोत मात्र भुसभुशीत होतो. ओल लागली तर साखर विरघळून पुन्हा बसते आणि तसाच, पण खरखरीत थर येतो. बोट हलके घासावे : तुपाचा थर बोटाच्या उबेने नाहीसा होतो, साखरेचा राहतो.

दाण्यांच्या वडीत हे लवकर घडते. शेंगदाण्यात सुमारे निम्मे तेल असते, बदामातही तेवढेच. हे तेल साध्या तापमानाला पातळ असल्याने हळूहळू चॉकलेटात झिरपते, कोकोचे तूप मऊ करते आणि पांढरेपणाला आमंत्रण देते. तेल गेलेला दाणाही आपला कुरकुरीतपणा गमावतो. म्हणून साध्या वडीपेक्षा दाण्याची वडी आधी जुनी होते.

खेड्यात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त चॉकलेटी वड्यांत कोकोचे तूप नसतेच. त्याऐवजी पाम-गिरीसारख्या बियांपासून काढलेले कठीण वनस्पतितूप असते आणि रंग-चवीपुरती कोकोची भुकटी. असे मिश्रण उष्णता जास्त सोसते, पण टाळूला मेणासारखा लेप सोडते. त्याचा आणखी एक दोष दाण्यांशी निगडित आहे. दाणा कच्चा राहिला किंवा ओला असला, तर त्यातील वितंचके (एन्झाइम) या तुपाचे विघटन करतात आणि वडीला साबणासारखी चव येते. घरी चॉकलेट करणाऱ्यांची ‘कंपनीचा माल खराब निघाला’ ही तक्रार पुष्कळदा इथे उगम पावते; खरा दोष अर्धवट भाजलेल्या दाण्याचा असतो. भारतीय अन्नमानकांनुसार दाणे-फळे घातलेल्या ‘मिश्र चॉकलेटा’त किमान ६० टक्के चॉकलेट आणि किमान १० टक्के असे खाद्यपदार्थ असावे लागतात. वनस्पतितुपाच्या वड्या या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून वेष्टन वाचणे उपयोगाचे. युरोपीय संघाने २००० मध्ये चॉकलेटात मर्यादित प्रमाणात ज्या सहा वनस्पतिजन्य मेदांना मान्यता दिली, त्यांत कोकम, आंब्याची कोय आणि साल वृक्षाचे बी ही आपल्याकडची तीन आहेत, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे.

दाणे : बाजारी वडीत बदाम आणि काजू मानाचे, गावात केलेल्या चॉकलेटात फल्लीदाणा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यांपैकी एकही काटेकोर अर्थाने कवचफळ नाही. शेंगदाणा डाळीच्या कुळातला, काजू आणि बदाम ही फळांतील बिया. भाजताना शेंगदाणा आणि कोको यांत पायराझीन गटातील सारखीच गंधद्रव्ये तयार होतात. दोघांची जोडी जिभेवर इतकी जुळते त्याचे हे एक कारण.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या सहकार्यातून आलेला ‘टॅग-२४’ (ट्रॉम्बे-अकोला) हा वाण १९९० च्या दशकाच्या आरंभापासून उन्हाळी पेऱ्यात रुजला. हा उपट्या, लहान दाण्याच्या गटातला. मोठ्या कारखान्यांना टपोरा, एकसारखा दाणा लागतो; लहान दाणा मात्र अख्खाच्या अख्खा एका घासात मावतो आणि प्रत्येक घासाला दोन-तीन लागतात. चवीच्या बाबतीत प्रस्तुत नोंदकाराचा कौल लहान दाण्याला आहे. खरिपात सोयाबीन पसरल्यावर घरचा भुईमूग आक्रसला, आणि आज अनेक गावांत फल्लीदाणाही किराणा दुकानातूनच येतो.

पूर्व विदर्भाच्या जंगलातील चार या झाडाची (ब्युकॅननिया लॅन्झान) बी म्हणजे चारोळी. एप्रिल-मेमध्ये जांभळट-काळी फळे पिकतात. गर चोखून आठळी वाळवतात आणि फोडून दाणा काढतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत तिचे संकलन होते. श्रीखंड-बासुंदीवर पेरली जाणारी ही चारोळी चॉकलेटात क्वचित दिसते. ती मऊ आहे, दातांखाली फुटत नाही, आणि तिचा सौम्य गंध कोकोखाली दबतो. हलकी भाजून दुधाच्या चॉकलेटात घातली तर तो बराचसा टिकतो. ज्या हातांनी ती वेचली जाते, त्यांच्या पोरांच्या चॉकलेटात ती असावी, असे मनापासून वाटते.

करणे व खाणे : घरगुती रीत सोपी आहे. बाजारातून आणलेली चॉकलेटची लादी किसून वा तुकडे करून उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वितळवतात, दाणे भाजून, साल पाखडून, पूर्ण गार करून त्यात घालतात आणि साच्यात ओततात. पाण्याचा एक थेंब पडला तरी मिश्रण आळून गोळा होते. महिला बचत गटांच्या प्रदर्शनांत अशी चॉकलेटे मोहफुलांच्या लाडवांशेजारी मांडलेली असतात. हिवाळा हा त्यांचा हंगाम. चिक्कीला पावसाळ्यात पाणी सुटते, चॉकलेट उन्हाळ्यात हरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्ही नीट राहतात.

खाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. लहान मुले वडी चघळून कोको संपवतात आणि दाणा शेवटाला उरवतात. ‘माह्याले दोन दाणे लागले’ हा मोजण्याचा विषय असतो. मोठी माणसे चावतात. चव घेण्यासाठी पहिली तऱ्हा सरस. कोको आधी वितळू दिला तर त्याची कडसर, किंचित आंबट झाक लक्षात येते आणि मग फुटणाऱ्या दाण्याचे तेल ती गोलसर करते. लगेच चावल्यास दाण्याचाच आवाज आणि दाण्याचीच चव उरते. एकच खवट दाणा साऱ्या वडीवर मात करतो. काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशीचे दाणे भाजण्याआधीच निवडून टाकावेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि ते भाजल्याने पुरते जात नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना एक दाणाही घातक ठरू शकतो.

प्रसंग : वाढदिवसाला वर्गात वाटणे, १५ ऑगस्ट व २६ जानेवारीचा खाऊ, सुट्ट्या पैशांऐवजी दुकानदाराने हातावर ठेवलेली गोळी, ही चॉकलेटाची नेहमीची ठिकाणे. दाण्याचे चॉकलेट त्यांत वरच्या पायरीवर असते; ते निकालाला, पाहुण्यांच्या पिशवीतून किंवा नागपूरहून परतणाऱ्या काकांबरोबर येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि त्यांना ‘बोजारा’ मिळतो. त्यात पैशांबरोबर चॉकलेटही येऊ लागले आहे. ज्या घरी फ्रीज नाही तेथे उरलेली वडी कागदासह घट्ट झाकणाच्या डब्यात घालून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवतात. माठाच्या पाझरण्याने भोवतालची हवा काही अंशांनी उतरते आणि कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय पुष्कळसा लागू पडतो. श्रावणात, दमट हवेत, पडत नाही.