संदर्भलेखन (वैज्ञानिक शोधनिबंधातील)

शोधनिबंधात जेथे दुसऱ्याच्या कामाचा आधार घेतला असेल तेथे मजकुरात खूण करायची आणि त्या कामाचा पूर्ण तपशील शेवटी ठराविक साच्यात द्यायचा, या पद्धतीला संदर्भलेखन म्हणतात. मजकुरातील खुणेला निर्देश आणि शेवटच्या यादीला संदर्भसूची म्हणतात. दोन्हींचा मेळ एकास एक बसावा लागतो. निर्देश आहे पण सूचीत नोंद नाही, किंवा सूचीत नोंद आहे पण मजकुरात तिचा मागमूस नाही, हे दोन्ही दोषच. संदर्भ हा एखाद्या टपालाच्या पत्त्यासारखा असतो: लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड आणि पृष्ठे एवढ्यावर जगातल्या कोणत्याही ग्रंथालयातून नेमका तो लेख हाती यायला हवा. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, हे त्यानंतरचे. मात्र हस्तलिखित तयार करताना सर्वाधिक वेळ त्यातच जातो.

मजकुरात खूण करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत कंसात लेखकाचे आडनाव आणि वर्ष येते. तिला हार्वर्ड पद्धत म्हणतात. हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये बागेतल्या गोगलगाईवर लिहिलेल्या प्रबंधात असा कंस वापरला आणि पद्धतीचा उगम सहसा तेथे दाखवला जातो. सूची आडनावांच्या वर्णानुक्रमे लागते. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन लेख असतील तर वर्षापुढे अ, ब जोडतात. दुसऱ्या रीतीत मजकुरात फक्त क्रमांक असतो आणि सूची उल्लेखाच्या क्रमाने लागते. वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांची जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातील वँकूव्हर येथे बैठक झाली. एकच हस्तलिखित वेगवेगळ्या नियतकालिकांकडे पाठवताना दर वेळी नव्याने टंकावे लागू नये, हा तिचा हेतू होता. या गटाचे नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत हीच क्रमांकांची रीत होती म्हणून तिला वँकूव्हर पद्धत म्हणतात, आणि गटाचीच पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने घडवला. क्रमांकपद्धतीने मजकूर मोकळा राहतो, पण मधेच एक संदर्भ घातला की पुढचे सगळे आकडे सरकतात. तक्त्यातले संदर्भही तक्त्याचा मजकुरात पहिला उल्लेख जेथे येतो त्या क्रमाने मोजायचे असतात, आणि नवखा लेखक हटकून येथेच घसरतो.

साच्यांतला फरक एका नोंदीवरून दिसेल. रामन परिणामाची वार्ता देणारे, ‘नेचर’ या नियतकालिकातले १९२८ चे पत्र वँकूव्हर पद्धतीत असे लिहितात: ‘रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१:५०१-२.’ आद्याक्षरांत टिंबे नाहीत, वर्षानंतर अर्धविराम, आणि ५०२ मधला पुन्हा येणारा भाग गाळलेला. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या पद्धतीत तेच ‘रामन, सी. व्ही., व कृष्णन, के. एस. (१९२८). अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर, १२१, ५०१–५०२.’ असे होते. वर्ष उचलून पुढे येते, नियतकालिकाचे नाव व खंड तिरप्या अक्षरांत जातात. स्वतः ‘नेचर’ मात्र वर्ष अगदी शेवटी कंसात टाकते. माहिती तसूभरही बदललेली नाही. म्हणूनच पहिल्या सादरीकरणाला कोणताही एक सुसंगत साचा चालेल, असे आता बरीच नियतकालिके सांगतात, आणि हे फार पूर्वीच व्हायला हवे होते.

नियतकालिकांच्या नावांचे संक्षेप मनाने करायचे नसतात. ते ‘आयएसओ ४’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होतात: ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’चे ‘इंडियन जे मेड रेस’, ‘करंट सायन्स’चे ‘कर साय’. एकशब्दी नावे अखंड राहतात. लेखक किती द्यायचे याबाबत एकमत नाही. वँकूव्हर पद्धतीत रूढ नियम सहा नावांनंतर ‘आणि इतर’ असा आहे, तर मानसशास्त्रीय संघटनेने २०१९ च्या आवृत्तीपासून वीस नावांपर्यंत मुभा दिली. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरील २०१५ च्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते. त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखक व त्यांच्या संस्थांनीच भरली, तेव्हा ‘आणि इतर’ला पर्याय नाही.

आडनाव आधी, मग आद्याक्षरे, हा साचा युरोपीय नावांवर बेतलेला आहे. दक्षिण भारतात अनेकांना आडनावच नसते. मराठी नावे साच्यात नीट बसतात, पण ‘पाटील एस’ किंवा ‘जोशी ए’ म्हणजे नेमके कोण, हे कळत नाही. स्त्रियांचा प्रश्न आणखी वेगळा. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली ती कमला भागवत म्हणून. विवाह १९४७ चा. सूचीत त्यांचे आधीचे लेख ‘भागवत के’खाली आणि नंतरचे ‘सोहोनी के’खाली जातात. वर्णानुक्रमाला ही एकच व्यक्ती असल्याचा पत्ता नसतो. छापलेले नाव ‘दुरुस्त’ करणे हा मात्र उपाय नव्हे. लेखावर जे नाव आहे तेच द्यायचे. संशोधकाला कायमचा क्रमांक देणारी ‘ऑर्किड’ ही व्यवस्था २०१२ पासून सुरू झाली ती याच अडचणीसाठी.

मूळ लेख न उघडता दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उतरवण्याची खोड जुनी आहे. यारोस्लाव ह्लावा यांनी १८८७ मध्ये चेक भाषेत ‘ओ ऊप्लावित्सी’, म्हणजे ‘आमांशाविषयी’, हा लेख लिहिला. त्याचा जर्मन सारांश देताना शीर्षकच लेखकाचे नाव समजले गेले आणि ‘ओ. ऊप्लावित्सी’ हे गृहस्थ पन्नास वर्षे परजीवीशास्त्राच्या सूचींत नांदले. परजीवीशास्त्रज्ञ क्लिफर्ड डोबेल यांनी १९३८ मध्ये हा घोळ उघड करणाऱ्या लेखाच्या शीर्षकात या काल्पनिक गृहस्थांना ‘डॉक्टर’ ही पदवी आणि जन्म-मृत्यूची वर्षेही बहाल केली. सिमकिन व रॉयचौधुरी या संशोधकांनी पुढे हीच खोड मोजून दाखवली. सुमारे ४,३०० वेळा निर्देशिलेल्या एका भौतिकी लेखाच्या नोंदींत त्यांना १९६ चुका सापडल्या. वेगवेगळ्या मात्र ४५च होत्या, आणि एकच चूक ७८ जणांनी जशीच्या तशी केली होती. एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या सूचनांत नमुना म्हणून दिलेला, अस्तित्वातच नसलेला एक लेख सुमारे चारशे निबंधांत संदर्भ म्हणून येऊन गेल्याचे २०१७ मध्ये लक्षात आले. बऱ्याच लेखकांनी साचा भरताना नमुन्याची ओळ खोडलीच नव्हती.

टंकनाचे कष्ट आता बिबटेक (१९८५), एंडनोट, झोटेरो (२००६) यांसारखी संदर्भ सांभाळणारी संगणकीय साधने उचलतात. साचा बदलणे हे त्यांत एका कळीचे काम आहे. पण आत भरलेली माहिती चुकीची असेल तर ती चूकच सुबक छापतात: सगळी कॅपिटल अक्षरे असलेले शीर्षक, तिरप्याऐवजी सरळ अक्षरांत राहिलेले प्रजातीचे नाव, किंवा आडनावाच्या जागी गेलेले पहिले नाव. मानव्यविद्यांच्या मराठी लेखनातले ‘तत्रैव’ (तेथेच) आणि ‘पूर्वोक्त’ (आधी सांगितलेले) विज्ञानात चालत नाहीत; तोच क्रमांक पुन्हा द्यायचा. कोणी तोंडी किंवा पत्राने सांगितलेली माहिती सूचीत न घालता मजकुरातच कंसात नोंदवतात, आणि त्या व्यक्तीची लेखी परवानगी घेतात. मागे घेतलेल्या लेखाचा उल्लेख अटळ असेल तर तो मागे घेतल्याचे नोंदीतच लिहावे लागते.

क्रॉसरेफ ही प्रकाशकांची संस्था २००० मध्ये स्थापन झाल्यापासून बहुतेक नियतकालिके प्रत्येक लेखाला डीओआय हा कायम क्रमांक देतात. तो १० या आकड्याने सुरू होतो. ‘नेचर’च्या लेखांचा १०.१०३८ ने. संकेतस्थळ बदलले तरी क्रमांक त्याच लेखाकडे नेतो. अलीकडे भाषा-प्रतिमानांकडून (मजकूर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून) सूची लिहवून घेणाऱ्यांच्या हस्तलिखितांत खऱ्या लेखकांची नावे, खरे नियतकालिक आणि कधीच न छापलेला लेख अशा नोंदी आढळतात. साचा बिनचूक असतो, डीओआयही शोभेसा असतो. तो टाकला की एकतर पान उघडत नाही, नाहीतर भलताच लेख समोर येतो.