रक्तगट आणि रोग: लागण टळणं वेगळं, आजार जिवावर न बेतणं वेगळं

‘ओ गटाच्या लोकांना मलेरिया होत नाही.’ आरोग्याच्या सदरांत आणि फिरत्या मेसेजमध्ये हे वाक्य इतक्या ठामपणे येतं की लोकांना ते खरंच वाटू लागतं. ते साफ चूक आहे. ओ गटाच्या माणसाला मलेरिया होतोच. फरक त्याच्या पुढच्या टप्प्यावर पडतो. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया झाल्यावर तो जिवावर बेतण्याची शक्यता या गटात कमी असते. म्हणजे जंतूला शरीरात जम बसवूच न देणं ही एक गोष्ट झाली आणि जम बसल्यावर आजार हाताबाहेर न जाणं ही दुसरी. रक्तगटाचा संबंध दोन्हींशी येतो, पण एकाच प्रतिजनामुळे, म्हणजे रक्तगट ठरवणाऱ्या पेशीवरच्या एकाच खुणेमुळे, दोन्ही घडतात असं मुळीच नाही.

ए, बी, एबी, ओ आणि आरएच तुम्हाला माहीत आहेतच, ती उजळणी नको. एवढंच लक्षात ठेवा की हे प्रतिजन म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची साखरेची किंवा प्रथिनांची रचना, आणि एबीओ व आरएच धरून अशा रक्तगट प्रणाली चाळीसहून अधिक आहेत. निसर्गाने त्या रक्त चढवण्याच्या सोयीसाठी घडवलेल्या नाहीत. त्या पेशीचं स्वतःचं काहीतरी काम करतात, आणि जंतू त्यांचा फायदा उठवतात.

लागणच टळते, याचं सर्वात स्वच्छ उदाहरण डफी नावाच्या प्रतिजनाचं. विवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरताना या प्रथिनाला धरतो. ते पेशीवर नसेल, तर त्याला आत जाणं फार अवघड होतं. मलेरियाची लागण करून घेतलेल्या स्वयंसेवकांचे डफी गट तपासून १९७६ मध्ये हा संबंध पुढे आला. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नसतो, आणि तिथे विवॅक्स विरळा आहे. अर्थात हा अडसरही पक्का नाही. मादागास्करमध्ये डफी नसलेल्या लोकांतही विवॅक्सचे रुग्ण सापडले आहेत. आणि कृपा करून ‘डफी निगेटिव्ह’ म्हणजे ‘ओ निगेटिव्ह’मधला निगेटिव्ह समजू नका. तो आरएचचा. त्याचा इथे काडीचाही संबंध नाही.

लहान मुलांच्या गालांवर लाल पुरळ आणणाऱ्या पार्व्होव्हायरस बी-१९ ची गोष्ट अशीच: ज्या अत्यंत दुर्मीळ लोकांत पी प्रतिजन नसतो, त्यांना हा विषाणू बाधत नाही.

आता ओ गट आणि फाल्सिपेरम. या परजीवीला तांबड्या पेशीत शिरायला ए किंवा बी प्रतिजन लागत नाही, त्यामुळे ओ गटाच्या पेशीत तो बिनदिक्कत शिरतो. खेळ पुढे होतो. परजीवीने ताबा घेतलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याची प्रथिनं उगवतात आणि ती आजूबाजूच्या निरोगी पेशींना स्वतःभोवती चिकटवून घेतात. मधे एक रोगट पेशी आणि भोवती निरोगी पेशींचं कडं, असे पुंजके तयार होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मेंदूपर्यंत रक्त नीट पोचत नाही, ते अशा अडथळ्यांमुळे. ए आणि बी प्रतिजनांमुळे हे पुंजके मोठे आणि घट्ट होतात. ओ गटात ते लहान राहतात, लवकर सुटतात.

मालीमधल्या ५६७ मुलांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे लख्ख दिसतं. गंभीर मलेरिया झालेल्या मुलांत ओ गटाची मुलं फक्त २१ टक्के होती. साधा मलेरिया झालेल्यांत आणि निरोगी मुलांत मात्र ती ४४-४५ टक्के होती. शेवटचे दोन गट नीट बघा. साधा मलेरिया झालेल्यांत ओ गट निरोगींइतकाच आहे. ओ गटामुळे लागण टळत असती, तर तिथेही तो कमी दिसायला हवा होता. तो कमी दिसतो तो फक्त गंभीर रुग्णांत.

गल्लत होते ती याच ठिकाणी, आणि तिचं कारण बहुतेक वेळा तुलनेच्या पद्धतीत असतं. रुग्णालयातल्या रुग्णांचे रक्तगट घ्यायचे, बाहेरच्या लोकांचे घ्यायचे, आणि टक्केवारीतला फरक बघून ‘अमुक गटाला हा रोग कमी होतो’ म्हणायचं. पण रुग्णालयात पोचायला आधी लागण व्हावी लागते आणि मग आजार वाढावा लागतो. अशा तुलनेत दोन्ही पायऱ्या एकातच मिसळतात. सौम्य रुग्णांचा तिसरा गट ठेवल्याशिवाय त्या वेगळ्या होत नाहीत. त्यातून बाहेरचे लोक म्हणून रक्तदाते घेतले तर आणखी घोळ, कारण ओ गटाच्या दात्यांना रक्तपेढ्या आवर्जून बोलावतात आणि त्यांचं प्रमाण तिथे मुळातच फुगलेलं असतं. अशा अभ्यासाची बातमी तिसऱ्या गटाचा उल्लेखही न करता छापली जाते, याचा मला खरोखर संताप येतो.

दोन पायऱ्या वेगळ्या मोजणं का आवश्यक आहे, ते कॉलऱ्याइतकं दुसरं काही दाखवत नाही. ढाक्यात कॉलरा रुग्णांच्या घरच्यांवर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा ओ गटाच्या लोकांना लागण कमी झाली. पण ज्यांना झाली, त्यांच्यात जुलाब गंभीर होण्याचं प्रमाण जास्त निघालं. एकच गट, एकच जंतू, आणि दोन पायऱ्यांवर दोन विरुद्ध परिणाम. इथे ‘ओ गट चांगला की वाईट’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

कोविडमध्ये हाच गोंधळ जगभर झाला. २०२० च्या मध्यात इटली आणि स्पेनमधल्या अभ्यासात, श्वसन निकामी झालेल्या रुग्णांत ए गट जास्त आणि ओ गट कमी आढळला. लगेच बातम्या झाल्या की ए गटाच्या लोकांना कोविड अधिक गंभीर होतो. पण रुग्णांची तुलना होती ती बाहेरच्या लोकांशी. २०२१ मध्ये १९ देशांतल्या ४९ हजारांहून अधिक रुग्णांची जनुकीय माहिती एकत्र आली आणि लागण व गांभीर्य वेगवेगळं तपासता आलं. एबीओचा संबंध निघाला तो मुख्यतः लागणीशी. गांभीर्याशी घट्ट जोडलेली जनुकीय खूण तिसऱ्या गुणसूत्रावर होती, आणि तिचा रक्तगटाशी संबंध नाही.